हॉकीचा संघ निवडताना पोरांची उंची मोजणं थांबवा

कॅनडा आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांकडून एक प्रश्न नेहमी येतो. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असतो. तिथल्या मित्रांबरोबर बर्फावरची हॉकी खेळत असतो. स्केटिंग छान, हातात कसब, खेळाची समज चांगली. निवड चाचणी होते आणि प्रशिक्षक सांगतात, "खेळतो उत्तम, पण अंगानं लहान आहे. जरा टफ व्हायला हवा." मग आईवडील डॉक्टरला विचारतात : उंची वाढायला काय द्यावं? वजन कसं वाढवावं?

या प्रश्नाचं उत्तर लेखात पुढे देतोच. पण आधी हा प्रश्न ज्या समजुतीतून येतो, तिच्याशी मला भांडायचं आहे. "हॉकीचा संघ बांधायचा तर धिप्पाड आणि टणक खेळाडू हवेत" ही ती समजूत. प्रौढ व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत ती अर्धवट खरी आहे. वाढत्या मुलांच्या बाबतीत ती चूक आहे, आणि मेंदूला बसणाऱ्या माराच्या बाबतीत सरळसरळ घातक आहे.

आधी खेळ समजून घेऊ

आपल्याकडची हॉकी मैदानावरची. तिथे प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम अंगानं ढकललं तर फाउल होतो. बर्फावरच्या हॉकीत स्केट्स घालून, पक नावाच्या कडक रबरी चकतीमागे खेळाडू धावतात. वेग ताशी ३० किलोमीटरच्या पुढे जातो. आणि ज्याच्याजवळ पक आहे त्याला खांद्यानं किंवा अंगानं धडक देण्याची मोठ्यांच्या खेळात नियमानं मुभा असते. तिला 'बॉडी चेक' म्हणतात. त्यामुळे "मोठं अंग चांगलं" हे म्हणणं ऐकताक्षणी पटतं.

आकाराचा फायदा किती?

फायदा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. उंच माणसाची पोच जास्त, म्हणजे त्याची काठी लांबवर पोचते. गोलरक्षकाला सुमारे १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच गोल अंगानं झाकायचा असतो, म्हणून व्यावसायिक गोलरक्षक बहुधा सहा फुटांच्या वरचे दिसतात. झेडेनो चारा हा ६ फूट ९ इंच उंचीचा बचावपटू एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला, सर्वात उंच खेळाडू होता. २०११ मध्ये तो स्टॅनले कप जिंकणाऱ्या बोस्टनचा कप्तान होता.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. धडकेतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन १० टक्के वाढलं तर ऊर्जा १० टक्के वाढेल. वेग १० टक्के वाढला तर ती २१ टक्के वाढेल. शिवाय उंची वाढते तसं शरीराचं वजन घनफळाच्या हिशेबानं वाढतं, तर स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. म्हणून मोठ्या देहाला झटकन वेग घेणं, थांबणं, वळणं तुलनेनं जड जातं. ज्या खेळात ४०-५० सेकंद जीव तोडून खेळायचं, बाकावर येऊन दम घ्यायचा आणि पुन्हा उतरायचं, त्या खेळात या गोष्टींची किंमत मोठी असते.

खेळाचा इतिहासही हेच सांगतो. मार्टिन सेंट लुई हा ५ फूट ८ इंचांचा खेळाडू. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघानं घेतलं नाही. २००४ मध्ये त्यानं लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले, सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळवली आणि त्याच मोसमात त्याच्या टॅम्पा बे संघानं स्टॅनले कप जिंकला. २०१३ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, तो पुन्हा सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. वेन ग्रेट्झ्की तर सडपातळच होता. त्याचे २८५७ गुण आजही कोणी गाठलेले नाहीत.

"पण दांडगे संघ जिंकतातच ना?"

या ठिकाणी हमखास दोन उदाहरणं पुढे केली जातात. दोन्ही नीट तपासू.

पहिलं उदाहरण फिलाडेल्फिया फ्लायर्सचं. सत्तरच्या दशकात हा संघ मारामाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी स्टॅनले कप जिंकला. पण त्यांचा कप्तान कोण होता? बॉबी क्लार्क. उंची ५ फूट १० इंच, आणि किशोरवयापासून टाइप १ मधुमेह. घरच्या घरी रक्तातली साखर मोजायची सोयही नव्हती, त्या काळात तो इन्सुलिन घेऊन हा खेळ खेळला. १९६९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या मधुमेहाला घाबरून संघांनी त्याला मागे ठेवलं, आणि तो सतराव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाला मिळाला. पुढे त्यानं तीनदा हार्ट ट्रॉफी जिंकली. ज्याला शरीर पाहून बाजूला सारलं होतं, तोच त्या 'दांडग्या' संघाचा कणा झाला. क्लार्क खेळायला सभ्य होता असं मात्र मी म्हणणार नाही. १९७२ च्या मालिकेत त्यानं सोव्हिएत खेळाडू खार्लामोव्हच्या घोट्यावर मारलेला काठीचा फटका आजही आठवला जातो.

या संघाचं पुढे काय झालं? १९७६ च्या अंतिम फेरीत माँट्रियलनं त्यांना ४-० असं हरवलं आणि तिथून सलग चार वर्षं कप स्वतःकडे ठेवला. माँट्रियलकडेही लॅरी रॉबिन्सनसारखा उंच, ताकदवान बचावपटू होता. पण तो संघ ओळखला गेला तो वेगासाठी आणि पासिंगसाठी.

दुसरं उदाहरण ताजं आहे. फ्लोरिडा पँथर्सनं २०२४ आणि २०२५ मध्ये कप जिंकला, तोही अंगावर जाणारा खेळ करून. खरं आहे. पण २०२५ च्या अंतिम फेरीत त्यांच्यासाठी सहा गोल कोणी केले? ५ फूट ९ इंचांच्या, ३७ वर्षांच्या ब्रॅड मार्शांडनं. तो चिवट आहे, समोरच्याला भंडावून सोडणारा आहे, पण धिप्पाड नक्कीच नाही. म्हणजे आकार आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची एकच मोळी बांधून "मोठी पोरं घ्या" असा निष्कर्ष काढणं, ही प्रशिक्षकांची आणि समालोचकांची जुनी सवय आहे.

तेराव्या वर्षीची उंची काय सांगते?

आता डॉक्टर म्हणून माझा मुख्य मुद्दा. मोठ्या माणसाची उंची हा त्याचा कायमचा गुण असतो. तेरा वर्षांच्या मुलाची उंची ही बऱ्याच अंशी त्याच्या शरीरातल्या घड्याळाची वेळ असते.

मुलगे वयात येण्याची सुरुवात ९ ते १४ या काळात कधीही होऊ शकते, आणि यातलं सगळं नैसर्गिक असतं. उंचीची मोठी उसळी साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी येते. त्या एका वर्षात मुलगा ९-१० सेंटीमीटर वाढू शकतो. ताकद त्याच्याही थोडी नंतर येते. त्यामुळे एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या दोन मुलांच्या मनगटांचा एक्स-रे काढला, तर त्यांच्या हाडांच्या वयात चार वर्षांचंही अंतर दिसू शकतं. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. अशा दोघांना बर्फावर सोडून "हा टणक, तो मऊ" असा शेरा मारणं म्हणजे आधी मोहरलेलं आंब्याचं झाड चांगलं आणि उशिरा मोहरलेलं वाईट, असं म्हणण्यासारखं आहे.

यात जन्मतारखेचाही खेळ असतो. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक लहान नसतो. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की वरच्या स्तरावर पोचलेल्या कॅनडाच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खूप जास्त आहेत आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेले खूप कमी. जानेवारीत गुणवत्ता जास्त जन्मते, असं तर नाही ना? मोठं दिसणारं पोर निवडलं जातं, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, आणि दोन वर्षांनी ते खरोखरच पुढे गेलेलं असतं. पुढे २०१३ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टवरच्या एका अभ्यासात दिसलं, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांना मिळालेल्या क्रमांकाच्या मानानं पुढे जास्त सरस ठरले. म्हणजे आकाराला भुलणारा संघ मुलावर अन्याय करतोच, शिवाय स्वतःचंही नुकसान करून घेतो.

लहान मुलांच्या धडका

निवडीपुरतंच असतं तर मी एवढं कडक लिहिलं नसतं. धडकांची गोष्ट अधिक गंभीर आहे.

पूर्वी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात ११-१२ वर्षांच्या 'पीवी' गटात बॉडी चेकला परवानगी होती आणि क्विबेकमध्ये नव्हती. कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : जिथे धडका चालतात तिथे दुखापतीचा धोका तिपटीहून अधिक, आणि कन्कशनचाही तिपटीहून अधिक. त्यानंतर अमेरिकेत २०११-१२ च्या मोसमापासून आणि कॅनडात २०१३-१४ पासून या वयोगटात बॉडी चेक बंद झाला.

यावर "आमच्या वेळी तर चालायचं, आम्ही घडलोच ना?" असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. जे घडले नाहीत, ज्यांनी डोकेदुखीपायी खेळ आणि अभ्यास दोन्ही सोडलं, ते हे वाक्य म्हणायला मैदानावर उरलेले नसतात.

'टफ' म्हणजे नेमकं काय?

बर्फावरच्या हॉकीत टफ असणं म्हणजे दुखणं न दाखवणं, असा अर्थ रूढ झाला आहे. दात पडला, टाके पडले, तरी पुढच्या पाळीला मैदानात. घोट्याच्या बाबतीत हा हट्ट वाईट आहे. डोक्याच्या बाबतीत तो अक्षम्य आहे.

मेंदू कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. जोराची धडक बसली की डोकं थांबतं, पण आत मेंदू हलतो, पिळवटतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. आतला हा हादरा ते थांबवू शकत नाही. हादऱ्यानंतर मेंदूच्या पेशींना सावरायला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडू शकतो. यालाच कन्कशन म्हणतात. बेशुद्धी आली तरच कन्कशन, हा मोठा गैरसमज आहे. बहुतेक वेळा मूल बेशुद्ध होतच नाही. सिटी स्कॅनही बहुधा नॉर्मल येतो.

सावरत असलेल्या मेंदूला दुसरा हादरा बसला तर बरं व्हायला फार वेळ लागतो. लहान वयात क्वचित मेंदूला अचानक सूज येऊन जीवही जाऊ शकतो. सिडनी क्रॉस्बी हा त्याच्या पिढीतला सर्वोत्तम मानला जाणारा खेळाडू. जानेवारी २०११ मध्ये त्याच्या डोक्याला चार-पाच दिवसांच्या अंतरानं दोन मार बसले. तो परत खेळायला उतरला तो त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. त्याला कोणी नाजूक म्हणेल का?

आणि डेरेक बूगार्ड. ६ फूट ७ इंचांचा हा खेळाडू 'एन्फोर्सर' होता, म्हणजे संघातर्फे मारामारी करणारा. २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन. आकार आणि टणकपणा एवढ्याच गोष्टी पाहून खेळाडू घ्यायचा तर याच्यापेक्षा योग्य कोण? मे २०११ मध्ये ऑक्सिकोडोन हे वेदनाशामक आणि मद्य यांच्या मिश्रणानं त्याचा मृत्यू झाला. वय २८. बोस्टन विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा त्यात सीटीई हा आजार सापडला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी या आजाराचा संबंध आहे, आणि त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला सीटीई होत नाही, म्हणून घाबरून जाऊ नका. पण कणखरपणाच्या नावाखाली एका तरुण माणसाकडून काय वसूल केलं गेलं, ते विसरूही नका.

मग खेळ मऊ करायचा का?

नाही. मला चिवट खेळाडू हवेतच. मराठीत त्यासाठी एक नेमका शब्द आहे : काटक. काटक माणूस धिप्पाड असेलच असं नाही. तो लवकर दमत नाही, पडला तर लवकर उठतो, आणि शरीराचं ऐकतो म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. खडकीच्या गल्ल्यांतून आलेला धनराज पिल्ले असाच काटक. मैदानी हॉकीत तो चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. खेळ वेगळा असला, तरी इतकं टिकणं म्हणजे काय हे समजायला हे उदाहरण पुरेसं आहे.

काटकपणा सरावानं वाढवता येतो. उंची तशी वाढवता येत नाही. संघ बांधणाऱ्यानं जी गोष्ट घडवता येते तिच्यामागे लागावं, हे साधं शहाणपण आहे.

आईवडिलांनी काय करावं?

• उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांवर पैसे घालवू नका. पुरेसा आहार, प्रथिनं आणि रात्री नऊ-दहा तासांची झोप यापलीकडे निरोगी मुलाला काही लागत नाही.

• ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं त्या हार्मोनची कमतरता किंवा काही ठरावीक आजार असतील तरच देतात. "संघात घेत नाहीत" हा आजार नाही.

• जिममध्ये कोणी स्टेरॉइड सुचवलं तर तिथून मुलाला लगेच बाहेर काढा. ही औषधं हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी बंद करतात. मोठं व्हायच्या नादात मूल कायमचं बुटकं राहू शकतं.

• मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवा. वाढ खरोखर थांबली असेल, किंवा चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची काहीच चिन्हं नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

• प्रशिक्षकांना विचारा : डोक्याला मार लागल्यावर मुलाला बाहेर काढण्याचा निर्णय कोण घेतं? उत्तर "तो स्वतः सांगेल" असं आलं, तर संघ बदला.

• डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, चक्कर, गोंधळ, मळमळ, उजेडाचा त्रास किंवा नेहमीपेक्षा वेगळं वागणं दिसलं, तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग टप्प्याटप्प्यानं हालचाल, आधी शाळा आणि नंतर खेळ. धडकांचा खेळ डॉक्टरांच्या परवानगीनंतरच.

• डोकेदुखी वाढत जाणं, वारंवार उलट्या, झटका, हातापायांत अशक्तपणा, दोन-दोन दिसणं, बोलताना अडखळणं, मानेत तीव्र वेदना किंवा जागं करूनही नीट जाग न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक तातडीच्या विभागात जा.

शेवटी एक विनंती. मूल खेळून घरी आलं आणि "डोकं दुखतंय" म्हणालं, तर त्याला "रडूबाई" म्हणू नका. आज त्याला गप्प केलंत, तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही, आणि मग आम्हा डॉक्टरांनाही फार उशिरा कळतं. दुखतंय हे सांगायला धीर लागतो. संघ निवडणाऱ्यांनी मोजायचाच असेल, तर तो धीर मोजावा.